आबाचं गाणं

सातारा,
मंगळवार, १० डिसेंबर १९९६

प्रिय आम्रपाली,

तुला जय भीम, सासूबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. माझा गुडघा तसाच आहे आणि थंडी यंदा जास्त आहे. तुझं पत्र पोचलं.

शाळेच्या पन्नासाव्या वर्षाचं संमेलन आहे, त्यासाठी तू दर शनिवारी सांगलीहून येतेस आणि तुझी ती जुनी कवायत पुन्हा बसवतेस, हे मला तुझ्या पत्राआधी भाजीवाल्या मनुबाईकडून कळलं. शाळा माझ्या घरापासून तीन मिनिटांवर आहे. तुला वेळ झाला नसेल. प्रमुख पाहुण्यांना तो नसतोच.

मी त्या शाळेत शिकले आणि पुढे एकतीस वर्षं तिथेच इंग्रजी शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आज डॉक्टर आहेत, एक तर न्यायाधीश आहे. पोवई नाक्यावर त्यातली एखादी भेटली की विचारते, “मिस, आबाचं गाणं आठवतं?” आणि पिशवी खाली ठेवून भर रस्त्यात उजवा हात वर नेते, मनगट वळवते, एक पाऊल मागे घेते. मी शिकवलेला कर्मणी प्रयोग अजून कुणी रस्त्यात करून दाखवलेला नाही. वर पुन्हा विचारतात, “आम्रपाली मिस कशा आहेत?” तू शाळा सोडून सात वर्षं झाली, मी समोर उभी असते, आणि चौकशी तुझी.

असं काय होतं त्या गाण्यात? एक इंग्रजी नाचाचं गाणं, सगळी वाद्यं यंत्राची. तुझ्या नागसेनने बोटीवर असताना कुठल्याशा बंदरात कव्हर आवडलं म्हणून ती रेकॉर्ड घेतली आणि न ऐकताच तुला आणून दिली. ताटाएवढी रेकॉर्ड आणि एका बाजूला एकच गाणं. ८४ सालच्या संमेलनात तू त्यावर साठ मुली उभ्या केल्यास. गाणाऱ्याचा आवाज इतका जाड आणि संथ की मुलींनी त्याला आबा म्हणायला सुरुवात केली.

मी पडद्याआडून दरवर्षी पाहिलं आहे, म्हणून सांगते. मध्यावर शब्द थांबतात आणि नुसता ठोका चालू राहतो, चांगली चार-पाच मिनिटं. त्या वेळात तू एकेक ओळ आत आणायचीस. हुशार, ढ, उंच, बुटक्या, सगळ्या यायच्या. राऊतांची दीक्षा एक पाय ओढत चालायची, तिलाही तो ठोका गाठता यायचा. कुणाचं आत यायचं राहून गेलं असं कधी झालं नाही. माझ्या नाटकात मात्र आठ पात्रं असायची आणि बावन्न मुली प्रेक्षकांत. तुझ्यानंतर कवायत माझ्याकडे आली तेव्हा तिच्या जागी मी कवितावाचन ठेवून पाहिलं. दहावीच्या मुली म्हणाल्या, “मिस, कविता म्हणतो, पण आबा पाहिजे.” ते मी विसरलेले नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. रेकॉर्ड सापडत नाही म्हणून पुण्याहून त्याच गाण्याची कॅसेट आणली, नाव तेच, शब्द तेच, पण गाणं ते नव्हे, असं तू लिहितेस. कुणी बाई घाईघाईने गाते, सात मिनिटांत सगळं आटोपतं, शेवटच्या दोन ओळी पडद्याआडच राहतात, आणि पाहायला आलेल्या जुन्या मुली विचारतात, “आबा कुठं गेला?”

आबा माझ्या कपाटात आहे, रेशमी साड्यांच्या खाली. निवृत्तीच्या दिवशी मी त्याला घरी आणलं. मी नसताना तो वाजावा हे मला सहन होत नव्हतं. आणि आबा बाईच आहे.

रेकॉर्ड प्लेअर कुणाच्या हातात असायचा, आठव. “मिस, मला त्या मशीनची भीती वाटते, तुम्हीच लावा,” असं तू म्हणाली होतीस. रेकॉर्ड मोठी दिसली म्हणून मी वेगाचा खटका तेहतीसवर, म्हणजे मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर ठेवला, मोठ्या रेकॉर्डी तेहतीसवरच लागतात. तिथवर चूक प्रामाणिक होती. दुसऱ्या दिवशी पुसताना मी लेबल वाचलं. बारीक अक्षरांत पंचेचाळीस होतं. तुझं गाणं रेड्यासारखं रेंगाळत होतं, गाणाऱ्या बाईचा आवाज त्यानेच जाड झाला होता, आणि ते फक्त मला माहीत होतं. मी गप्प राहिले. संमेलनाला शिक्षणाधिकारी येणार होते, त्यांच्यासमोर तुझं हसं व्हावं असं मला वाटत होतं. वाक्य पुन्हा वाचलं. तसंच राहू दे.

हसं झालं नाही. लोक उभे राहिले. दीक्षाची आई माझ्या शेजारी रडत होती. पुढे दरवर्षी मी खटका तेहतीसवरच ठेवला. पंचेचाळीसवर दीक्षाला जमलं नसतं, असं मी मनाशी म्हणायचे, पण ते कारण मला मागाहून सुचलं. खरं असं की अर्धी कवायत माझी होती आणि ते सांगायचं तर माझा हेतूही सांगावा लागला असता. म्हणून टाळ्या तुझ्या.

परवा गुंडा शिपाई आला. मुख्याध्यापिका सिस्टरने त्याच्याकडून शाळेच्या कपाटाची किल्ली काढून घेतली होती. “मिस, ईस वर्सं किल्ली माझ्या कमरंला हाय. लय हुडकलं, आबाचं गाणं गावलं न्हाई. तुमी तरी सांगा सिस्टरांना, मी चोर न्हाई.” मी त्याला चहा दिला. तो बशीत ओतून प्यायला, नमस्कार केला आणि गेला. माझं साड्यांचं कपाट त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर होतं.

आज सकाळी मी शाळेत जाऊन आले. गुंडाची किल्ली पुन्हा त्याच्याकडे आली आहे. मी त्याची माफी मागितली, त्याच्यासमोर सिस्टरचीही. तो म्हणाला, “आवं मिस, घरी वाजवायला न्हेलं व्हय? मग सांगायचं की.” त्याचा हा समजूतदारपणा मला जास्त लागला.

वाजवत होते, हे खरं आहे. पंचेचाळीसवर एकदाच ऐकलं. लग्नाच्या हॉलमध्ये वाजतं तसलं गाणं. मग दोन वर्षं तेहतीसवर, दुपारी, दार लावून. साठही मुलींच्या जागा मला पाठ आहेत. गुडघा मला तिसऱ्या ओळीपर्यंत नाचू देतो.

शनिवारी ये. रेकॉर्ड घेऊन मी रंगमंचाशी बसलेली असेन. सुई मीच ठेवणार, ही अट आहे. पत्रिका अजून छापायची आहे असं सिस्टर म्हणाली. तीत ‘रचना: आम्रपाली’ असेलच. त्याखाली बारीक अक्षरांत ‘गती: संयोगिता निकम’ असं हवं होतं मला. हे वाचून राग आला असेल तर घालू नकोस. पण खटका तेहतीसवरच राहू दे, शेवटच्या ओळीला आत यायचं असतं.

बारा वर्षं तुझ्यावर जळलेली,
आणि अजूनही थोडी,
संयोगिता