ओवाळणी राहिली आहे, दादा

मनीषनगर, नागपूर
७ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप देवाजीदादा,

नमस्कार करते. वाकून नाही करत, काहून ते पुढे सांगते.

तू माझा फोन कापून राहिला, म्हणून तुझ्या भाच्यासोबत, अश्विनसोबत, चिठ्ठी पाठवली. जवसाची चटणीही दिली आहे. त्याले मिहानमध्ये नोकरी लागली. पहिल्या पगारात मले साडी अन् बापाले नुसता रुमाल! घरात दोन दिवस महाभारत.

चिकनगुनिया झाला असं कळवून भाऊबीजेले मी मौद्याले आली नाही म्हणून तू फुगला, ठाऊक आहे मले. पण तूही काही कमी नाहीस. डॉक्टरनं हृदयाची झडप बदलायले सांगितली अन् तू चप्पल घालून घरी निघून आला! वहिनी म्हणते, अंगण ओलांडतानाही तुले धाप लागते.

तू काहून भेतो, मले माहीत आहे. बाबांच्या ऑपरेशननंतर त्यांच्या उशाशी तूच होता. छाती इतकी दुखे, की ते खोकायलेच भ्यायचे. "देवाजी, मले खोकायले लावू नको गा," म्हणायचे. तू लावलं नाही. कफ साठला, न्युमोनिया झाला, अन् बाबा गेले. तेव्हापासून तू स्वतःलेच बोल लावून राहिला. तुझी चूक नव्हती, दादा. त्यांचं दुखणं तुले पाहवत नव्हतं.

आता ऐक. मले चिकनगुनिया झालाच नव्हता. माझीही झडप खराब निघाली. भाऊबीजेच्या दिवशी मी आयसीयूत होती, अन् अजूनही वाकायची मनाई आहे. तू येऊन रडत बसला असता, अन् तुले पाहून मीच पळाली असती, म्हणून लपवलं. शिव्या दे, पण पुढचं वाच.

ऑपरेशनच्या वेळीच भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईनं सोनोग्राफीच्या मशीनवर पाहत पाहत माझ्या पाठीत, छातीच्या नसांजवळ, बारीक नळी ठेवली. त्यातून बधिर करायचं औषध जात राहते. मी पूर्ण शुद्धीवर, पण छाती गप्प. अजिबात दुखलं नाही, असं खोटं सांगणार नाही. छातीतलं रक्त-पाणी बाहेर काढायले कुशीत घातलेली दुसरी नळी ओढली, तेव्हा मी सिस्टरच्या सात पिढ्या उद्धरल्या.

मग व्यायाम करवून घेणारी एक पोरगी आली. म्हणे, काकू, उशी छातीशी घट्ट धरा अन् खोका. डोळे मिटले, बाबांचं नाव घेतलं अन् खोकलली. चांगली खणखणीत! थोडी कळ आली, बस्स. मग मी खूप रडली. बाबांच्या वेळी हे असतं तर, असं वाटून राहिलं होतं.

दादा, मले तुझ्याशिवाय भाऊ नाही गा. रात्रंदिवस भेव वाटते.

माझी ओवाळणी राहिली आहे. साडी नको, पैसे नको. बुधवारी अश्विन गाडी घेऊन येईल, तिच्यात बस. त्याच डॉक्टरीणबाईले भेट, जे विचारायचं ते विचार, अन् ऑपरेशनची तारीख घे.

तू शुद्धीवर येशील तेव्हा उशाशी मी असेन. रड, ओरड, हात जोड, मी ऐकणार नाही.

तुले खोकायले लावणारी,
तुझी बहीण
कौसल्या