तुणतुणं कोणाच्या हाती

१२ जाने. ९९
मेन रोडवरच्या वाद्यांच्या दुकानात गेले. नवऱ्याला सोबत नेलं, हीच चूक. तुणतुणं मागितलं मी, दुकानदार बोलला सुहासशी. "साहेब, हॉलमध्ये लावायचंय का?" काढलं ते फुलाफुलांच्या सनमायकाचं, बुडाला चामड्याऐवजी प्लास्टिक. तार छेडली तर डालड्याच्या डब्यावर नख मारल्यासारखं वाजलं. म्हटलं, मला वाजवायचंय. तो सु.कडे बघून हसला. "मॅडमना हौस दिसते." सु.पण हसला. इतकी वर्षं स्टेजवर गिटार वाजवतेय. हौस.

१७ जाने.
सासूबाईंना त्र्यंबकला दर्शनाला नेलं. बाहेरच्या दुकानांत तुणतुणी टांगलेली, लालभडक. खुंटी पिळली तर खुंटीच हातात आली. दुकानवाली म्हणाली, "पोरं खेळत्यात, मोडलं तर मोडलं." तळहाताला लाल रंग, धुऊनही जाईना. त्याच हाताने प्रसाद खाल्ला. 
का हवंय ते सु.ला नीट सांगता येत नाही. नणंदेच्या लग्नानंतर गोंधळ घातला, तेव्हा संबळवाल्याच्या मागे उभा राहून एक म्हातारा ती एकच तार वाजवत होता. पूर्ण गोंधळ त्या तारेवर उभा. माझ्या सहा तारांनी असं कधी काही उभं केलं नाही. आमच्या ऑर्केस्ट्रात मी कॉर्ड धरते, लोक जेवतात.

२ फेब्रु.
प्रॅक्टिसला दादांना (ऑर्केस्ट्रा त्यांचा) सांगून बसले. झालं. "झकास. नऊवारी नेस, नथ घाल, लावणीला तुणतुणं घेऊन पुढे उभी राहा. वाजलं नाही तरी चालेल, कीबोर्डात आवाज आहे." कीबोर्डवाल्याने लगेच बटण दाबून दाखवला. डास गुणगुणावा तसा. सगळ्यांना आवडला. शिसारी आली. चहा न घेता निघाले.

१४ फेब्रु.
चांदवड. नणंदेकडून पत्ता काढला, सु.ला घेऊन गेले. गोंधळी यादवराव, तेच ते म्हातारे. त्यांच्या भावाने वाजवणं सोडलंय, त्याचं तुणतुणं घरात पडून. आंब्याचं लाकूड, हात लागून लागून काळं झालेलं. त्यांनी वाजवून दाखवलं. अंगावर काटा.
हात पुढे केला. यादवराव म्हणाले, "बाईमाणसाला देत नाय ताई. देवीचं हाय. सायबांच्या हाती देतो, मंग त्यांनी कोणाला बी द्यावं."
आणि सु.ने घेतलं. दोन्ही हातांनी, कपाळाला लावून. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गिटारला तारा किती असतात हे माहीत नसलेला माणूस.
एसटीत त्याच्याच मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "वाजवा की काका." त्याने दोनदा टुंग केलं. मी खिडकीबाहेर.
काय बोलायला हवं होतं ते पिंपळगाव आल्यावर सुचलं.

१६ फेब्रु.
तुणतुणं देवघरात. सासूबाईंनी चामड्यावर कुंकू लावलं, तारेला झेंडूचा हार. ओल्या फुलांनी चामडं सैल पडतं म्हटलं, तर म्हणाल्या, "देवीला कळतं काय पडतं ते." शेजारच्या बायका पाया पडून गेल्या.

२० फेब्रु.
काढायला गेले तर सासूबाई सु.च्या देखत म्हणाल्या, "तुझे चार दिवस चालू आहेत ना. लांब हो." सु.ने पेपर वर केला. कान लाल झाले होते, पण पेपर खाली येईना.
किळस. कुणाची, विचारलं तर यादी...

२७ फेब्रु.
आज काढलं. हार टाकला, कोरड्या फडक्याने कुंकू पुसलं, गॅलरीत बसून तार लावली. बोटं चुकीची पडतात, गिटारची सवय आडवी येते. तरी मध्येच दोन-तीनदा तो आवाज आला. तोच. डोळे भरले.
आत सासूबाईंनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. सु. बाहेर आला. "आई आहे तोवर तरी परत ठेव." मग हळूच, "आणि शेवटी दिलंय मला त्यांनी."
सोळा वर्षांचा संसार. हे वाक्य त्याच्या तोंडात कुठून आलं.

१ मार्च
एकटीच चांदवडला. यादवराव ओट्यावर. तुणतुणं पुढे धरून म्हटलं, "परत घ्या. नाहीतर मला द्या. त्यांच्या हातून नको."
 त्यांनी तुणतुणं घेतलं, तार छेडून बघितली. "कोणी लावली?" म्हटलं, मी. "चढी लावलीय." खुंटी थोडी उतरवली. मग पोत्यावर ठेवलं, त्यांच्या-माझ्या मधोमध. "मी देत नाय. खाली ठिवलंय." उठून आत गेले.
त्यांची बायको लसूण सोलत बसली होती. वर न बघता म्हणाली, "तासाभरानं नाशिक गाडी हाय. घ्या नायतर ऱ्हाऊ द्या, पण ऊन लागंल त्याला."
उचललं.
स्टँडवरच्या पीसीओतून सु.ला फोन केला. म्हणाला, "आई विचारतेय, कुठे ठेवलंस?"
"माझ्या मांडीवर आहे."
"घरी आणणार आहेस?"
"मी आणणार आहे. माझं म्हणून. चालेल का सांग, म्हणजे त्याप्रमाणे गाडी धरते."
मागे सासूबाई काहीतरी बोलत होत्या. सु.ने रिसीव्हरवर हात धरला, पण तोडला नाही. मीही फोन ठेवला नाही. मीटर पळत होता, बाहेर कंडक्टर नाशिक, नाशिक ओरडत होता.