बिनविरोध पराभव

आदरणीय कुया आर्सिंग,

कुया म्हणजे थोरला भाऊ, तेव्हा रीतीप्रमाणे धाकट्या बोनीने तुझा हात इथूनच कपाळाला लावला आहे असं समज. माझी पोरगी जोवेलिन कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पडली. निवडणूक समितीच्या प्रमुखाने (ही जाड चष्म्याची मुलगी, मी प्रेमाने पाठवलेला साखरेत घोळलेल्या पिलीच्या बियांचा डबाही तिने परत पाठवला) काल दुपारी चारला सही करून निकाल लावला. मी दोनदा फोन केला, दोनदा तिने तोच आकडा सांगितला. जोवेलिनला ४०७. विरोधात १,३१२. आणि कुया, विरोधात कोणी उभंच नव्हतं!

तुझा गुडघा कसा आहे? बोटीवरच्या मुदपाकखान्यात तीस वर्षं उभं राहिल्यावर दुखणारच. तुझे झुंजीचे कोंबडे ठीक असतील. माझी पुरिंग बरी आहे, फक्त कालपासून माझ्याशी बोलत नाही.

तुला ठाऊकच आहे, गावचं महापौरपद नऊ वर्षं आपल्या पापांकडे, नऊ पुरिंगकडे, नऊ माझ्याकडे राहिलं. तीन-तीन वर्षांच्या सलग तीन कारकिर्दी झाल्या की कायदा खाली बसवतो. म्हणून मे महिन्यात महापौरपदाला जोवेलिन उभी राहायची, आणि तालीम म्हणून आधी कॉलेजची निवडणूक जिंकायची, असं ठरलं होतं. (मी ठरवलं होतं.) तिच्यासमोर एकच मुलगा होता, डोमिनादोर. किडकिडीत, बोलताना जमिनीकडे बघणारा. पोरीने त्याला झोपेतही हरवलं असतं. पण आपल्या घराण्यात समोर कोणी शिल्लक ठेवायची पद्धत नाही. त्याची आई तीन वर्षं बाजारात गाळा मागत होती. मी तिला दाराच्या तोंडाशी मासळीचा गाळा दिला, पोराने अर्ज मागे घेतला. यात कोणाचं काय बिघडलं सांग. शिवाय मी आदल्या दिवशीच अभिनंदनाचे अकरा फलक लावले (प्रत्येकावर माझा फोटो जरा मोठा) आणि डुक्कर भाजायला सांगितलं.

मला कुठे माहीत, की त्या कॉलेजात उमेदवार एकटा असला तरी मतपत्रिकेवर ‘कोणीही नको’ असा चौकोन असतो, आणि तिथे जास्त मतं पडली तर खुर्ची रिकामी राहते! सत्तावीस वर्षांत असा दुष्ट चौकोन मी पाहिला नाही. पोरं म्हणे वर्गावर्गात जाऊन त्याचाच प्रचार करत होती. माझ्या फलकांच्या मागच्या बाजूवर लिहून! कापड तरी स्वतःचं आणायचं.

संध्याकाळी भाजलेल्या डुकरापुढे आम्ही तिघंच. मी जोवेलिनला म्हटलं, “पोरी, ही कोणाची फूस आहे ते शोधून काढतो.”

“शोधू नका, पापा. माझी आहे.”

“म्हणजे?”

“त्याच्या आईने मला बाजारात हाक मारून दोन बांगडे फुकट दिले. म्हणाली, महापौरांचे उपकार झाले, गाळा मिळाला, म्हणून पोराला अर्ज मागे घ्यायला लावलं. तेव्हा कळलं. माझा अर्ज मागे घ्यायची मुदत टळली होती, मग मी स्वतःच वर्गात उभी राहून सांगितलं, मला मत देऊ नका.”

“आणि तुझं मत?”

“त्याच चौकोनात. पापा, त्याच्याकडून हरले असते तरी चाललं असतं. तुमच्याकडून जिंकायचं नव्हतं.”

पुरिंग हसली. माझी बायको, माजी महापौर! मी अजून सुन्न आहे.

तुझा भाऊ,
बोनी

ता. क. गुडघ्याची चौकशी मनापासून केली होती, पण ती अशासाठीही, की महापौरपदाचे अर्ज शुक्रवारी पाचपर्यंत घेतात आणि जोवेलिन नाही म्हणते, पुरिंग तर बोलतच नाही. आडनाव आपलंच असलेला तू एकटा उरलास. मतदारयादीतून तुझं नाव मी कधी काढू दिलं नाही. फलकांवर फक्त फोटो बदलायचा आहे. गुरुवारच्या बसने ये.

ता. क. २. काका, मी जोवेलिन. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. नक्की या, मीसुद्धा विनंती करते. शुक्रवारी सकाळी डोमिनादोरची आई महापौरपदाचा अर्ज भरणार आहे. गाळा तोंडाशी असल्यामुळे सगळं गाव तिला ओळखतं. गावच्या मतपत्रिकेवर आमच्यासारखा चौकोन नसतो, आणि बिनविरोध निवडून यायला ती तयार नाही. तिच्यासमोर कोणीतरी हवं.