भेगेवरच्या तीन काचा

सारागोसा, १२ मार्च १९९६

ती. एन्कार्ना मावशीस, नीवेसचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून झालं ते क्रमाने लिहिते.

१. जानेवारीत आई आणि मी तीन दिवस सेव्हिल बघायला तुझ्याकडे उतरलो.
२. दुसऱ्या दिवशी तुझ्या बाल्कनीच्या बुडाशी भिंतीत मला भेग दिसली. रुंदी तीन मिलिमीटर.
३. भेगेवर आडव्या तीन काचपट्ट्या मी प्लास्टरने बसवल्या. भिंत हलली तर काच तुटते.
४. दर रविवारी बघून कळव, असं तुला सांगितलं. सात पत्रांत तू लिहिलंस, तिन्ही अख्ख्या आहेत.
५. काल आईने तू पाठवलेला फोटो दाखवला. त्यातली मधली पट्टी मी लावलेल्या पट्टीपेक्षा रुंद आहे.

पाचव्याचा अर्थ मला लागत नाही. कृपया खरं ते कळव. तब्येतीला जप.

तुझी,
नीवेस


सेव्हिल, १७ मार्च

चि. नीवेस हिस, मावशीचे अनेक आशीर्वाद.

इंजिनीअरबाई, तीन दिवस शहर बघायला आलीस आणि कॅथेड्रलच्या मनोऱ्याकडे पाठ करून माझ्या भिंतीला नाक लावून बसलीस. शेजारची ग्रासिया अजून विचारते, की तुझ्या भाचीला आमचं सेव्हिल आवडलं की नुसता चुना आवडला?

आता कबूल करते. तुझी पहिली काच फेब्रुवारीतच तुटली. मला वाटलं, झाडू लागला असेल. तू रागावशील म्हणून दुसरी आणून चिकटवली. मग ईस्टरच्या सणाआधीची सफेदी केली, तेव्हा आणखी एक गेली. कुंचला लागला असणार. तुझ्या काचाच मेल्या पापडासारख्या! शेवटी तुझ्या काकांच्या फोटोची जाड काच कापून मधे बसवली. म्हटलं, हयातभर त्यांनी पालखी पेलली, आता भिंत पेलतील. परवा तीही कोपऱ्यात तडकली. पण भेग कुठे दिसते? वरून छान चुना दिलाय.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी येशूच्या मूर्तीची पालखी नेहमीप्रमाणे माझ्या बाल्कनीखाली थांबेल. काका गेल्यापासून पालखीच्या मंडळाने तो थांबा माझ्या नावावर ठेवलाय. तुझी आई, ग्रासियाची माणसं, मी, मिळून बारा जणं वर उभी राहू. मधातला तळलेला पाव करणार आहे. तुझा वाटा आईबरोबर पाठवीन.

काचा मी मोडल्या, राग माझ्यावर काढ. पण पत्र थांबवू नकोस.

तुझी,
एन्कार्ना मावशी


सारागोसा, २१ मार्च

ती. मावशीस, सा. न.

काचा तू मोडल्या नाहीस. झाडूने नाही, कुंचल्यानेही नाही. भिंतीने मोडल्या. प्रत्येक वेळी ती मला सांगत होती आणि तू प्रेमाने तिचं तोंड बंद करत होतीस. सात आठवडे मी 'अख्ख्या' हा शब्द वहीत उतरवून निर्धास्त झोपले. ती चूक माझी. मी स्वतः यायला हवं होतं.

बारा माणसं म्हणजे सुमारे आठशे किलो. हिशेब चार वेळा केला. दर वेळी वेगळं उत्तर यावं असं वाटत होतं, आलं नाही. तुझ्या नगरपालिकेकडे अर्ज धाडला आहे, पण सणाआधी तपासायला माणूस येईल याची खात्री नाही.

आईला मी सांगितलं. ती म्हणाली, की माझ्या ताईला तू नाही म्हणून दाखव, मी तर लहानपणापासून हरत आले आहे. ती शुक्रवारी तुझ्याकडे पोचते आहे.

काल भोयांच्या मुकादमाला फोन केला. पालखी चाळीस पावलं पुढे, चौकात थांबवा, असं विनवलं. तो म्हणाला, की तो थांबा एन्कार्नाबाईंचा आहे. त्या सांगतील तरच हलवीन, कुणा इंजिनीअरच्या सांगण्यावरून नाही. शेवटी म्हणाला, की बाई खाली चौकात आल्या, तर भोयांना पालखी उचलायची खूण म्हणून देतात ते तीन ठोके त्यांच्याच हातून देऊ, काकांच्या नावाने.

मावशी, काका एकतीस वर्षं पालखीच्या खाली, पडद्याआड, मानेवर ओझं घेऊन, फक्त पुढच्या माणसाच्या टाचा बघत चालले. डोक्यावर काय आहे ते त्यांना कधी दिसलं नाही. बघणाऱ्यांवर भरवसा होता म्हणून थांब म्हटलं की थांबले. त्या रविवारीही तुझ्या बाल्कनीच्या बरोबर खाली पस्तीस माणसं तशीच उभी असतील. त्यांना वरचं दिसणार नाही. मला दिसतं आहे आणि माझं कुणी ऐकत नाही. मी फार घाबरले आहे. असं मी कुणाला लिहीत नाही, तुला माहीत आहे.

बाल्कनीचं दार आजच बंद कर. कुलूप लाव आणि किल्ली ग्रासियाकडे दे. चुन्याला हात लावू नकोस. मग मुकादमाला चौकात थांबायला सांग. तुझं त्याला सांगून झालं, एवढी एकच ओळ मला हवी आहे. आली नाही तर शनिवारच्या पहिल्या गाडीने निघेन आणि रविवारी तुझ्या दारात आडवी उभी राहीन. मग जन्मभर बोलली नाहीस तरी चालेल.

गुरुवार, २८ मार्चपर्यंत उत्तर दे.

तुझी,
नीवेस