विहीणबाईंनी बाळाच्या तोंडात बोट घातलं त्याबद्दल

किन्हवली

विहीणबाई सकुबाई, मुक्काम वैशाखरे, यांना लडकू मिस्त्रीचा कोपरापासून नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? घाटावरचा वारा अंगावर घेऊ नका. (वैशाखरे घाटाखाली आहे हे मला ठाऊक आहे, पण वारा घाटावरूनच येतो.) फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर मी बोलत राहतो आणि मुद्दा राहून जातो, असं शीतलच्या आईचं मत आहे. म्हणून मुद्दा आधीच लिहितो. तुमचा नातू आता पोटभर पितो आणि प्यायल्यावर झोपतो. हे तुमच्यामुळे झालं. आता सविस्तर.

शीतल बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा जबाबदारी माझी होती, आणि ती मी नीटच घेतली होती. पाळण्याच्या कड्यासुद्धा नव्या घातल्या. पण बाळ प्यायला लागलं की टक टक आवाज यायचा, दूध ओठाच्या कडेनं गळायचं, आणि तासभर पिऊनही ते उपाशीच रडायचं. तो आवाज मी पहिल्याच दिवशी ओळखला होता, हे इथे नमूद करतो. पंप हवा ओढायला लागला की असाच वाजतो. (पंपाचं काम मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. जुने पंप खोलले, बिघडवले आणि शिकलो.) आवाज बरोबर ओळखला, निदान मात्र असं केलं की मुळात विहिरीतच पाणी कमी असावं. मग शीतलवर अळिवाची खीर आणि मेथीचे लाडू यांचा मारा सुरू केला. पोरीचं वजन वाढलं, बाळाचं उतरलं. पाजताना तिला कळ यायची, तर आईनं पहिलटकरणीचं असंच असतं म्हणून समजूत घातली. ती रडत म्हणायची, मला दूधच येत नाय. आणि मी खिरीत गूळ वाढवायला सांगायचो. मोटरीला दोष देण्याआधी पाइपाचं तोंड बघा, असं मी गिऱ्हाइकांना जन्मभर बजावत आलो. घरात ते सुचलं नाही.

मग बारशाचा दिवस. पाळणा सजलेला, बायका गाणं धरायच्या बेतात, आत्या म्हणून तुमची भावना बाळाच्या कानात नाव सांगायला वाकलेली, आणि तुम्ही हात साबणाने धुऊन आलात, बाळाला उचललंत आणि सरळ त्याच्या तोंडात बोट घातलंत. माझ्या दारात, माझ्या पाहुण्यांसमोर. तेव्हा मी जे बोललो ते सगळ्यांनी ऐकलं, तरी नेमकेपणासाठी लिहितो. मी म्हणालो, “विहीणबाई, म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायला आलात का?”

तुम्ही वरसुद्धा पाहिलं नाहीत. म्हणालात, “बैल इकत घ्याचा असतो म्हनून बघतात, मिस्त्री. यो आपलाच हाय, म्हनून बघत्ये. याची जीभ खाली धरलेली हाय.”

कुणा म्हातारीनं जिभेखालचं ते नखानं तोडायचं सुचवलं, तेव्हा तुम्ही तिच्यावर जे ओरडलात त्याबद्दल वेगळे आभार. जावईबापूंनी रिक्षा आणली, आणि नाव भावनाच्या ओठातच राहून आपण शहापूरला डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरीणबाईंनी आधी वजन केलं, मग शीतल पाजते कशी ते बसून बघितलं. जिभेखालचा पडदा सगळ्यांनाच असतो, म्हणाल्या, तो असला म्हणून कुणी कापत नाही. पण याचा पार टोकापर्यंत आलाय, जीभ उचलतच नाही. छोट्या कात्रीनं एकच काप, रक्ताचा थेंब, आणि लगेच बाळ आईकडे. बाळाला कसं धरायचं तेही शिकवलं. टक टक बंद. शीतल हसली की रडली ते मला सांगता येणार नाही, मी भिंतीकडे बघत होतो. मग मी सुचवलं की वरच्या ओठालाही तसाच पडदा दिसतो, तोही उडवावा. एकदा पंप खोलला की सगळे वायसर बदललेले बरे. बाई म्हणाल्या, “काका, हा पंप नाही. तो पडदा बहुतेक बाळांना असतो, पिण्याच्या आड येत नाही. राहू दे.” तेव्हा तुम्ही पदरात हसलात, मी पाहिलं.

पण तिथूनच तुम्ही घरी जायला परस्पर मुरबाडची गाडी धरलीत. तुमचं पान इथे वाढलेलं राहिलं.

आपला ऋणी,
लडकू मिस्त्री

ता. क. हे घराण्यात चालत येऊ शकतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्यावर मी गावात ठामपणे सांगितलं की ते वैशाखऱ्याकडून आलं. काल शीतलच्या आईनं मला आरशासमोर जीभ काढायला लावली. टोकाला खाच आहे आणि जीभ खालच्या ओठापुढे जात नाही. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांच्याकडे जाऊन मी दुरुस्ती करतो आहे.

ता. क. दुसरा. पत्र वाचून ही म्हणते, सगळं लिहिलंत, माफी कुठंय? मी सांगितलं की माझी जीभच बांधलेली. ती म्हणाली, “इतकी वर्सं ऐकत्ये, कुटं अडली नाय.” तेव्हा लिहितो. चुकलो.

ता. क. शेवटचा. बाळाला अजून नाव नाही. पाळणा सजलेलाच आहे. भावनाला घेऊन या आणि या खेपेस जेवून जा. बाळाच्या तोंडात खुशाल बोट घाला. माझीही जीभ एकदा बघा असं लिहिणार होतो, पण ही म्हणते, या बैलाचे दात बघून आता काय उपयोग, परत कोण घेणार?