टिल्बीत न थांबलेली गाडी

टिल्बी, मिनेसोटा
९ मार्च १९६४

ती. दादास,
थोराचा सा. न. वि. वि.

आधी भांडते, मग बातम्या सांगते. सेंट पॉलच्या माणसांना चार ओळी खरडायला वेळ मिळत नाही, हे तू निदान मला तरी सांगू नकोस. मी पोस्टात बसते, कोण कोणाला किती लिहितं ते मला दिसतं. इंगा वहिनीचे गुडघे आता कसे आहेत?

जूनमध्ये आपल्या गावाला पंचाहत्तर वर्षं होतात. त्यासाठी गावाचं पुस्तक निघतंय आणि ते लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय. इतिहास तो काय असणार! रेल्वेने इंजिनाला पाणी पाजायला टाकी बांधली, टाकीभोवती आपले नॉर्वेवाले आणि चार जर्मन जमले, धान्याचं कोठार झालं, चर्च झालं, संपलं. रेल्वेचा साहेब स्टेशनांना अक्षरांच्या क्रमाने नावं देत आला. ‘टी’ येईपर्यंत बिचारा इतका कंटाळला होता की त्याने सासूच्या मांजरीचं नाव दिलं. कमिटीचं म्हणणं, मांजर गाळावी आणि सासू ठेवावी.

गावाचा स्वभाव लिहायचा तर एकच गोष्ट पुरे. आपली माणसं तोंडाने फार बोलत नाहीत, पण एखादी चेष्टा हाती लागली की तीस वर्षं सोडत नाहीत. म्हणून इंजिन ड्रायव्हर ऑगी ब्रेट्सची गोष्ट घालतेय. सप्टेंबर १९३१. मी मिनियापोलिसच्या नर्सिंगच्या शाळेत निघालेली, नवी निळी हॅट घालून, ट्रंक घेऊन फलाटावर उभी. तू स्टेशनमास्तर. तू हिरवं-पांढरं निशाण लावलंस तरच गाडी आपल्याकडे थांबायची. आणि निशाण लावलेलं असून ऑगीने गाडी दामटत पुढे नेली! प्रवेशाचा तोच शेवटचा दिवस होता. पुढच्या वर्षी जाईन म्हटलं, तर बाबांना अर्धांगाचा झटका आला, आणि मी राहिले ती राहिलेच.

कंपनीकडे तक्रार मीच केली होती, चांगली चार पानी. त्याला प्रवासी गाडीवरून काढून यार्डात टाकलं. आता तो इथेच सासुरवाडीला राहतो, एक्याऐंशी वर्षांचा आहे. न्हाव्याच्या दुकानावरून त्याची मोटार गेली की अजून कोणीतरी निशाणासारखा रुमाल हलवतं. जूनमध्ये त्याला व्यासपीठावर बोलावून चादरीएवढं निशाण भेट द्यायचं ठरलंय. मजा येईल.

पुस्तक २५ एप्रिलला छापायला जाईल. तुझ्या स्टेशनच्या आठवणी लवकर पाठव. लोभ आहेच, पण नुसत्या लोभाने टपालपेटी भरत नाही.

तुझी,
थोरा


सेंट पॉल
१७ मार्च १९६४

चि. थोरा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इंगाचे गुडघे थंडी सरेपर्यंत असेच राहणार. सोबत दोन पानं पाठवतोय. एकोणतीस सालच्या बर्फात गाडी तीन दिवस अडकली आणि प्रवासी चर्चमध्ये झोपले, ते लिहिलंय. तिसऱ्या दिवशी गावातली कॉफी संपली तेव्हा पाद्रीबाबा पहिल्यांदा घाबरलेले दिसले, तेही घाल.

ऑगीची गोष्ट मात्र राहू दे. म्हातारा माणूस आहे. जुनं उकरून काय मिळणार? निशाणबिशाणही नको. माझं एवढं ऐक.

तुझा,
हॅल्वर


टिल्बी
२४ मार्च १९६४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पानं फक्कड उतरलीत. पण ऑगीच्या बाबतीत तू फारच मऊ झालायस! मिसेस स्कोगने निशाण शिवूनसुद्धा झालं. त्याची बायको गेल्या वर्षी वारली, घरात एकटाच बसून असतो. चार लोकांत हसेल तरी.

त्या वेळी हाच ऑगी सगळ्यांना सांगत होता की निशाण नव्हतंच म्हणून. तुझ्यासारखा रविवारी चर्चमध्ये बायबल वाचणारा माणूस एका बाजूला आणि हा तंबाखू थुंकणारा दुसऱ्या बाजूला. कोण त्याचं ऐकणार? मी स्वतः निशाण पाहिलं होतं की रे. तेव्हा गोष्ट छापली जाणार.

ईस्टरला हेरिंग मासे कमी खा. माया असू दे.

तुझी,
थोरा


सेंट पॉल
३ एप्रिल १९६४

चि. थोरा,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

ऑगी खरं बोलत होता. त्या दिवशी निशाण कपाटात होतं. मी विसरलो नव्हतो. मी ते लावलं नाही.

गाडी निघून गेली, तू तिच्याकडे बघत उभी होतीस, तेवढ्यात मी ते काढून खांबाला अडकवलं. तू वळलीस तेव्हा ते तिथे होतं. तू पाहिलंस ते तेच. नंतर चौकशीला साहेब आला, त्याच्यासमोर मी लिहून दिलं की निशाण वेळेवर लावलं होतं. खाली सही केली आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये नेहमीसारखा वाचायला उभा राहिलो.

कारण सांगायची लाज वाटते. आई गेल्यावर बाबांचं कोणी करायचं, हा प्रश्न होता. इंगाने लग्नाआधीच सांगितलं होतं की सासऱ्यांना ती घरात घेणार नाही. तू गेलीस की तो भार माझ्यावर येणार होता. मला वाटलं, एक वर्ष लांबेल, तेवढ्यात काहीतरी मार्ग निघेल. वर्षभरात बाबांना झटका आला. मग मी बदली घेऊन इकडे आलो. बदली झाली असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ती मी मागून घेतली होती. तू सोळा वर्षं बाबांचं सगळं केलंस आणि मी दर नाताळला संत्र्यांची पेटी पाठवत राहिलो.

माझं नाव घालून हे पुस्तकात छाप. ऑगीला मीच सांगायला हवं, पण त्याच्या दारात उभं राहायची माझी छाती होत नाही. इतक्या वर्षांनीही होत नाही. मी वाईट वागलो, थोरा.

हॅल्वर


टिल्बी
२१ एप्रिल १९६४

ती. दादास,
सा. न. वि. वि. सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही.

तुझं पत्र आठवडाभर एप्रनच्या खिशात होतं. मी लोकांची पत्रं वाटली, तिकिटं विकली, कोणी ‘कसं काय’ विचारलं तर ‘तसं वाईट नाही’ म्हटलं. मग गेल्या मंगळवारी केक घेऊन ऑगीकडे गेले आणि त्याला ते मोठ्याने वाचून दाखवलं. त्या चार पानी तक्रारीबद्दल माझीही मान खाली होती.

त्याने केक बाजूला सरकवला. मग म्हणाला की निशाण नव्हतं हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, त्यात नवीन काही नाही. पण मी त्याला दिसले होते. पाव मैलावरून. निळी हॅट, ट्रंक, वर केलेला हात, सगळं. निशाण नसेल तर थांबायची सक्ती नसते, पण मनाईही नसते. तो शेतकऱ्यांसाठी कितीदा थांबला होता, एकदा तर रुळावरच्या वासरासाठी खाली उतरला होता. त्या दिवशी गाडीला चार मिनिटं उशीर झाला होता. त्याने घड्याळ बघितलं आणि मला तशीच सोडून गेला.

माझं शिक्षण राहिलं हे कळल्यावर त्याने भांडणं सोडून दिलं. रुमाल हलले की त्याला वाटायचं, बरोबरच आहे. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, दादा, टोपी हातात धरून माझी माफी मागत होता. मला रडू आवरेना. मीही त्याची माफी मागितली, कॉफी निवून गेली.

मी कमिटीलाही पत्र वाचून दाखवलं. मिसेस स्कोगने निशाण उसवलं. दुसऱ्या दिवशी ऑगीच्या ओसरीवर जेवणाची झाकलेली सात भांडी होती, चिठ्ठी एकावरही नव्हती. न्हावी स्वतः त्याच्या घरी जाऊन केस कापून आला. तू लिहिलंस ते तुझ्या नावानिशी छापतेय, वहिनीचं नाव तेवढं गाळलं.

ऑगीला मी बसल्या जागी माफ केलं. तुझ्या बाबतीत ते होत नाही. रोज सकाळी करून बघते, बाबांना भरवताना तू किती लांब होतास ते आठवतं आणि पुन्हा जमत नाही.

जूनमध्ये ये. गाडी आता नाही, बस पोस्टासमोर थांबते. ये म्हणते म्हणून माफ केलं असं समजू नकोस. मला तुझ्यावर ओरडायचंय, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, आणि ते पत्रात होत नाही.

लोभ किती उरलाय, ते तू समोर आलास की कळेल.

थोरा