शत्रुपक्षाचं मशीन आणि माझं कार्ड

ती. मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार, आणि मामींना दोन, कारण तुम्हाला सांभाळणं सोपं नाही. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठीक, मी तर फारच ठीक.

मामा, तुम्ही दुकानात आमच्या शत्रुपक्षाची वॉशिंग मशिनं विकता, तरी सांगतो: भाच्यानं कंपनीत नाव काढलं. 'त्यांचं सोडून तुमचं का घ्यावं?' याचं उत्तर आमच्या विक्रीवाल्या पोरांना देता यावं म्हणून मी आधी एक जाडजूड पुस्तिका केली होती. (तीत मोटारीचे आलेखसुद्धा होते. पोरांनी ती शोरूमचं दार अडवायला वापरली.) मग मी स्वतः काउंटरपाशी उभा राहिलो. एका आजीबाईंनी विचारलं, "यात रजई मावते का?" आणि आमचा पोरगा अनुक्रमणिका चाळत बसला. तिथेच माझे डोळे उघडले.

मी तळहाताएवढं कार्ड केलं. गिऱ्हाईक काय विचारेल, आपण काय सांगायचं, आणि त्यांचं मशीन कुठे सरस आहे. हे शेवटचं वाचून साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण मी ऐकीव लिहिणाऱ्यांतला नव्हे. शत्रूचं मशीन घरी आणून धुणं धुतलं होतं (दुसऱ्या दुकानातून वापरून बघायला घेतलं, रागावू नका). रजई धुवायची तर खुशाल त्यांचं घ्या, रोजच्या कपड्यांना आमच्यात पाणी निम्मं लागतं, असं चक्क छापलं. पोरं खरं बोलतात म्हटल्यावर गिऱ्हाइकांचा विश्वास बसला, आणि विक्री अशी वाढली की गोदामवाला हल्ली माझ्याशी धड बोलत नाही. प्रत्येक पोराच्या खिशात माझं कार्ड आहे. मला अभिमान वाटतो, आणि तो लपवायचा माझा विचार नाही.

रविवारी साहेब सपत्नीक आमच्याकडे जेवायला येताहेत. बढतीचं तिथेच पक्कं होईलसं दिसतं.

तुमचा (आता जरा मोठा झालेला) भाचा

ता. क. एक बारीकसं काम होतं. ते मशीन परत द्यायचं राहिलं. खरं म्हणजे तुमची भाचेसून ते देईना. आमच्या कंपनीचं मशीन बाल्कनीत आहे आणि त्यावर कुंड्या आहेत. साहेबांनी हे पाहिलं की बढतीवर पाणी. रविवारपुरतं टेम्पो पाठवून ते तुमच्याकडे ठेवून घ्याल का?

ता. क. २. टेम्पो राहू द्या. आत्ताच साहेबांच्या बायकोचा हिला फोन आला होता. त्यांच्या घरच्या मशीनचा पाइप फुटलाय, तो "तुमच्या मामांच्या दुकानात" मिळेल का, म्हणून विचारत होत्या. कुठे बोलू नका, असं दोनदा म्हणाल्या. चांगलासा पाइप बाजूला काढून ठेवा, आणि बिलावर माझंच नाव घाला.